एका शाखेचा पत्ता दुरुस्त केला की दुसरीचा बिघडतो: अनेक शाखांच्या दुकानाची गूगल लिस्टिंग

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. मॅपवर शाखेचा पत्ता चुकीचा होता, तो दुरुस्त केला, आठ-पंधरा दिवस सगळं नीट दिसलं आणि मग गिऱ्हाइकाचा फोन आला, "अहो, मॅप मला कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर घेऊन आलाय." उघडून बघावं तर जुना पत्ता परत हजर. पुन्हा दुरुस्ती केली, तर या वेळी त्या शाखेला व्हेरिफिकेशन, म्हणजे दुकान खरंच तिथे आहे याचा पुरावा, मागितलं. तेवढ्यात दुसऱ्या शाखेच्या नावापुढे 'कायमचं बंद' असं आलं. एकच दुकान असेल तर हा खेळ क्वचित होतो. चार-पाच शाखा झाल्या की तो दर महिन्याचा होतो.

माझं काम दुकानदारांच्या लिस्टिंग, म्हणजे गूगल मॅपवरच्या दुकानांच्या नोंदी, सांभाळायचं, त्यामुळे हा प्रकार सतत बघतो. पत्ता परत परत बदलत असेल तर त्याच खिडकीत जाऊन तो परत परत दुरुस्त करण्यात अर्थ नाही. चुकीचा पत्ता दुसरीकडे कुठेतरी जिवंत आहे आणि गूगल तो तिथून उचलतंय. तो उगम सापडेपर्यंत दुरुस्ती टिकत नाही.

बोलणं सोपं जावं म्हणून एक काल्पनिक दुकान धरू. चष्म्याचं दुकान आहे. मूळ दुकान पुण्यात सदाशिव पेठेत, मग शाखा कोथरूड, चिंचवड, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर. पाच पत्ते, एक मालक, आणि प्रत्येक शाखा वेगळ्या वर्षी उघडलेली.

आधी बघा, किल्ल्या कोणाकडे आहेत

या नोंदीलाच गूगल प्रोफाइल म्हणतं. पत्त्याला हात लावण्याआधी पाचही प्रोफाइल कोणाच्या खात्यात आहेत ते शोधा. हमखास असं निघतं की सदाशिव पेठेची मालकाच्या मुलाच्या जीमेलवर आहे, कोथरूडची वेबसाइट करून देणाऱ्याकडे, चिंचवडची सोडून गेलेल्या मॅनेजरकडे, आणि नगरची कोणीच ताब्यात घेतलेली नाही, ती कुणा गिऱ्हाइकानं मॅपवर टाकली आणि तशीच चालली आहे.

गूगल माय बिझनेसचं नाव नोव्हेंबर २०२१ मध्ये बदलून बिझनेस प्रोफाइल झालं आणि पुढच्या वर्षी जुनं ॲपही बंद झालं. तेव्हा बऱ्याच दुकानदारांना वाटलं की आपलं लॉगिनच गेलं. ते गेलेलं नसतं. त्याच जीमेलनं लॉगिन करून गूगलवर स्वतःच्या दुकानाचं नाव शोधलं की वरच बदल करायची बटणं दिसतात. अनेक शाखा असतील तर बिझनेस प्रोफाइल मॅनेजर उघडा, तिथे त्या खात्यातल्या सगळ्या शाखा एका यादीत येतात.

जी शाखा आपल्या यादीत नाही, ती मॅपवर उघडा आणि मालकी मागा. आधीच्या खातेदाराला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्यानं नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर पुढचा मार्ग तिथेच दाखवला जातो. सोडून गेलेल्या मॅनेजरचा नंबर असेल तर आधी त्याला गोड बोलून एक फोन करा. त्यानं दोन मिनिटांत मालकी दिली तर सगळी कटकट वाचते.

धंद्याच्या नावानं एक स्वतंत्र मेल आयडी काढा. मुलाचा नको, सीएचा नको. सगळ्या शाखांचा मुख्य मालक तोच ठेवा, पाचही शाखा एका ग्रुपमध्ये घाला आणि शाखेतल्या माणसाला त्याच्या शाखेपुरता मॅनेजर करा. एजन्सीला काम दिलं असेल तर तीही मॅनेजरच. एक लक्षात ठेवा: नव्यानं जोडलेल्या मालकाला किंवा मॅनेजरला पहिले सात दिवस काही गोष्टी करता येत नाहीत, जसं प्रोफाइल काढून टाकणं किंवा इतरांना वगळणं. म्हणून हे काम सगळ्यात आधी उरकून घ्या.

एक तक्ता, आणि तोच खरा

एक्सेलमध्ये पाच ओळी. प्रत्येक ओळीत शाखेचा कोड, पाटीवर आहे तसं नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, अक्षांश-रेखांश, शाखेचा स्वतःचा फोन, वेबसाइटवरचं त्या शाखेचं पान, वेळा, मुख्य कॅटेगरी (धंद्याचा प्रकार). शाखेचा कोड एकदा दिला की बदलायचा नाही. शाखा हलली, नाव बदललं, तरी कोड तोच.

पत्ता कुठून घ्यायचा? आठवणीतून नको, कागदावरून घ्या. महाराष्ट्रातल्या सगळ्या शाखा एकाच जीएसटी नंबरवर असतील, तर नोंदणी प्रमाणपत्राच्या परिशिष्टात 'अतिरिक्त व्यवसायाची ठिकाणं' म्हणून त्यांची यादी असते. ती काढून बघा. अनेकदा तिथे दोनच शाखा सापडतात, कारण नंतरच्या शाखा टाकायच्या राहून गेलेल्या असतात. जीएसटीत बदल झाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती अर्ज करायचा असतो, तेव्हा सीएला त्याच दिवशी फोन लावा. उद्या पणजीला शाखा काढलीत तर तिथला जीएसटी नंबर वेगळा असेल, कारण नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गोवा ३०. मग त्या शाखेची ओळख पटवताना पुण्याचं प्रमाणपत्र कामाला येणार नाही.

जीएसटीखेरीज प्रत्येक शाखेचा शॉप ॲक्टचा कागद हवा. छोट्या दुकानांना २०१७ च्या कायद्याखाली नोंदणीऐवजी सूचना दिल्याची पावती मिळते, ती चालते. शिवाय त्या जागेचं लाईट बिल. तिन्हींवरचा पत्ता जुळतो का बघा. जुळत नसेल तर कुठला कागद दुरुस्त करायचा ते आत्ताच ठरवा, कारण प्रोफाइल सस्पेंड झाल्यावर, म्हणजे गूगलनं ते रोखून धरल्यावर, हेच कागद मागितले जातात आणि तेव्हा धावपळीला वेळ नसतो.

पत्ता परत का येतो

गूगल फक्त मालकाचं ऐकत नाही. मॅप वापरणाऱ्यांनी सुचवलेले बदल, तुमची वेबसाइट, इतर डिरेक्टऱ्या, सरकारी आणि विकत घेतलेला डेटा, हे सगळं एकत्र करून त्याला जे खरं वाटेल ते तो दाखवतो. मालकानं एक लिहिलं आणि बाकी चार ठिकाणी दुसरंच असेल, तर मालकाचं लिहिलेलं कधीतरी उडतं.

पहिला संशयित तुमची स्वतःची वेबसाइट. प्रत्येक पानाच्या तळाशी 'संपर्क' म्हणून सदाशिव पेठेचा पत्ता आणि फोन असतो. कोथरूडच्या प्रोफाइलमध्ये वेबसाइट म्हणून मुख्य पानाची लिंक दिलेली असते. गूगल त्या लिंकवर जातं, तिथे त्याला सदाशिव पेठ ४११०३० दिसतं, आणि कोथरूड ४११०३८ बद्दल शंका घेतं. म्हणून शाखेगणिक वेगळं पान करा. त्या पानावर फक्त त्या शाखेचा पत्ता, फोन, वेळा, दुकानाचा फोटो, आणि प्रोफाइलमध्ये त्याच पानाची लिंक. तळपट्टीत पाचही शाखांची नावं द्या किंवा एकाही शाखेचा पत्ता देऊ नका. वेबसाइटवाल्याला 'लोकल बिझनेस' स्कीमा (दुकानाची माहिती गूगलला वाचता यावी म्हणून पानात टाकायचा कोड) प्रत्येक पानावर वेगळा टाकायला सांगा. बहुतेक जण एकच कॉपी करून सगळीकडे चिकटवतात.

दुसरा संशयित शहराचं नाव. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये झाली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. तुमच्या नगरच्या शाखेच्या जीएसटीवर 'अहमदनगर' असेल, पाटीवर 'अहिल्यानगर', लाईट बिलावर तिसरंच काहीतरी, आणि गिऱ्हाईक बोलताना अजून 'नगर'च म्हणतं. गूगलच्या पत्त्यात शहराचं नाव तो स्वतःच्या नकाशाप्रमाणे बसवतो, त्यावर भांडत बसू नका. तुम्ही तक्त्यात नवं अधिकृत नाव ठेवा, वेबसाइटवर आणि इतर लिस्टिंगमध्ये तेच करा, आणि मजकुरात एकदा जुनं नावही येऊ द्या, कारण लोक दोन्ही शोधतात. व्हेरिफिकेशनसाठी जुन्या नावाचा कागद द्यायची वेळ आली तर त्यावरचा पिनकोड आणि बाकी पत्ता तंतोतंत जुळायला हवा, म्हणजे शहराच्या नावाचा फरक आड येत नाही. जमलं तर कागदच नवा करून घ्या.

तिसरा संशयित, बाहेरच्या डिरेक्टऱ्या. जस्टडायल, बिंग प्लेसेस, ॲपलचा नकाशा, फेसबुकचं पान, मॅपल्स (मॅपमायइंडियाचा नकाशा). दुकान पाच वर्षांपूर्वी एका गाळ्यातून दुसऱ्यात गेलं असेल तर यातल्या एकात तरी जुना गाळा अजून असतो. तक्ता समोर ठेवून एकेक उघडायचं आणि दुरुस्त करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण इथे एक दुपार घालवली तर पुढचे कित्येक फोन वाचतात.

आणि चौथा, पिन, म्हणजे मॅपवर जागा दाखवणारी खूण. लिहिलेला पत्ता बरोबर असूनही पिन चुकीच्या जागी असू शकते, आणि गिऱ्हाईक लिहिलेला पत्ता वाचत नाही, तो पिनमागे जातो. आपल्याकडे शिवाजी चौक आणि गांधी रोड नाही असं गाव शोधून सापडणार नाही. पत्ता नुसता टाकला की गूगल अंदाजानं पिन ठेवतं, कधी गल्लीच्या तोंडाशी, कधी इमारतीच्या मागच्या बाजूला. प्रोफाइलमध्ये पत्ता बदलताना नकाशा उघडून पिन हातानं दुकानाच्या दारावर आणा. उपग्रहाच्या चित्रावर इमारतीचं छप्पर दिसतं, दार कुठल्या बाजूला आहे ते तुम्हालाच माहीत. दुभाजकाच्या कुठल्या बाजूला पिन आहे तेही बघा, नाहीतर दुचाकीवाला समोर दुकान दिसत असूनही पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन येतो. पत्त्याच्या ओळीत 'अमुक टॉकीजसमोर' लिहायची सवय आहे, पण टॉकीज बंद पडून तिथे मॉल झालेला असतो. खूण द्यायचीच तर ती आज उभी आहे ना बघा, आणि सगळीकडे तीच द्या.

हे चारही झाल्यावरच प्रोफाइलमधला पत्ता बदला. बदल बहुतेक वेळा दहा मिनिटांत दिसतो, पण तपासणीला ३० दिवसांपर्यंतही लागू शकतात. या मधल्या काळात तोच बदल पुन्हा पुन्हा टाकू नका. मेलवरच्या सूचना चालू ठेवा. गूगलनं बाहेरच्या माहितीवरून काही बदललं तर ते प्रोफाइलमध्ये वेगळं दिसतं आणि तुम्हाला ते स्वीकारायचं की नाही ते ठरवता येतं. महिनोन्महिने न बघितल्यानं असे बदल साचत जातात.

एका दुकानाच्या दोन पिना

शाखा हलली की लोक नवं प्रोफाइल काढतात. इथेच घोळ सुरू होतो. दुकान त्याच गिऱ्हाइकांसाठी जवळच्या जागेत गेलं असेल तर जुन्याच प्रोफाइलचा पत्ता बदलायचा, रिव्ह्यू त्याच्यासोबत येतात. नवं प्रोफाइल काढलंत तर जुनं रिकाम्या गाळ्यावर उभं राहतं, रिव्ह्यू तिथेच अडकतात, आणि कुणीतरी ते 'कायमचं बंद' म्हणून कळवतं. बघणाऱ्याला वाटतं की दुकानच संपलं.

खरंच एकाच शाखेच्या दोन नोंदी झाल्या असतील तर दोन्हींचे रिव्ह्यू बघा, जास्त असलेली ठेवा आणि दुसरी मॅपवरून 'सजेस्ट ॲन एडिट'मध्ये जाऊन डुप्लिकेट म्हणून कळवा. दोन्ही तुमच्याच खात्यात असतील तर सपोर्टला लिहून एकत्र करायला सांगा. एक शाखा कायमची बंद केलीत तर तिला बंद असं चिन्हांकित करा, नुसती यादीतून काढू नका. यादीतून काढलं की फक्त तुमचा ताबा जातो, नोंद मॅपवर राहू शकते, आणि मग तिला वाली कोणी नसतो. नूतनीकरणासाठी महिनाभर शटर खाली असेल तर 'तात्पुरतं बंद' पुरेसं आहे.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारे डॉक्टर बसतात, काचा घासायचं वर्कशॉप वेगळ्या जागी असतं. वर्कशॉपवर गिऱ्हाईक येत नसेल तर त्याचं प्रोफाइल काढू नका. भाड्यानं घेतलेला नुसता पत्ता, पोस्ट बॉक्स, जिथे तुमची पाटी आणि माणूस नाही असं को-वर्किंगमधलं टेबल, यांतलं काहीच गूगलच्या नियमात बसत नाही. 'जास्त पिना, जास्त गिऱ्हाईक' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून रवाना करा.

चिंचवडचा राग कोथरूडवर

शाखेगणिक रिव्ह्यूची लिंक वेगळी असते. मुख्य दुकानानं एक छान क्यूआर स्टँडी छापून घेतली आणि पाचही काउंटरवर ठेवली, की पाचही शाखांचे रिव्ह्यू सदाशिव पेठेवर जमा होतात. संभाजीनगरच्या गिऱ्हाइकानं लिहिलेलं "पार्किंगला जागा भरपूर" सदाशिव पेठेच्या पानावर वाचून पेठेतला माणूस खो खो हसतो. एका प्रोफाइलवरचा रिव्ह्यू दुसऱ्यावर हलवायचं बटण मालकाकडे नाही. तेव्हा क्यूआर नव्यानं छापा, प्रत्येकाच्या कोपऱ्यात शाखेचं नाव टाका आणि काउंटरवर ठेवण्याआधी स्वतःच्या फोननं स्कॅन करून बघा. चुकीच्या शाखेवर तक्रार आली असेल तर उत्तरात नम्रपणे लिहा की हा अनुभव अमुक शाखेचा दिसतो, तिथल्या फोनवर बोला. रिव्ह्यू दिला तर काचेवर सूट, हा प्रकार मात्र करू नका, तो नियमाबाहेर आहे.

सस्पेंड झालं तर

सस्पेंड व्हायचं सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे नाव. पाटीवर जे आहे तेच नाव चालतं. 'अमुक ऑप्टिक्स कोथरूड, स्वस्त चष्मे, ब्रँडेड फ्रेम' असं नाव ठेवून काही दिवस वर दिसाल, मग कोणी स्पर्धक कळवेल आणि प्रोफाइल जाईल. शाखा ओळखू यावी म्हणूनही नावात भाग घालायचा नसतो, पत्ता त्यासाठीच आहे. शोधात कोण वर येईल ते गूगल तीन गोष्टींवर ठरवतं असं तो स्वतः सांगतो: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावाजलेपण. अंतर तुम्ही बदलू शकत नाही. जुळण्यासाठी कॅटेगरी नीट निवडा, एक मुख्य आणि हवं तर आणखी नऊ, पण पाचही शाखांत मुख्य कॅटेगरी एकच ठेवा.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. शॉप ॲक्टमधल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या सगळ्या दुकानांवर देवनागरी पाटी लागते आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पाटी देवनागरीत 'चष्मेवाले', प्रोफाइल रोमन लिपीत 'ऑप्टिक्स' आणि जीएसटीवर मालकाचं नाव, असं असेल तर तपासणाऱ्याला ही एकच संस्था आहे हे कळायचं कसं? देवनागरी पाटीखाली रोमन लिपीतलं तेच नाव छोटं का होईना लिहून घ्या, आणि जीएसटीत व्यापारी नाव म्हणून तेच टाका.

हल्ली व्हेरिफिकेशनला व्हिडिओ मागतात. एकच सलग चित्रण, कापाकापी नको. रस्त्यापासून सुरू करा, शेजारची दुकानं आणि चौकाची पाटी दिसू द्या, मग तुमची पाटी, मग कुलूप किंवा शटर स्वतः उघडताना, मग आत बिलिंग काउंटर आणि डोळे तपासायचं यंत्र. चेहरा दाखवायची गरज नाही. पाच शाखांचे व्हिडिओ त्या त्या शाखेत जाऊनच काढावे लागतात, मालकानं पुण्यात बसून नगरचा व्हिडिओ होत नाही. एकगठ्ठा व्हेरिफिकेशनची सोय आहे, पण ती दहा किंवा जास्त शाखांसाठी.

अपील करायची असेल तर फॉर्म उघडण्याआधी कागदांच्या फाइल तयार ठेवा, कारण अपील दाखल झाल्यावर पुरावे जोडायला फक्त ६० मिनिटं मिळतात. सस्पेंड झालेल्या शाखेचं दुसरं प्रोफाइल चुकूनही काढू नका. आणि नाव, पत्ता, कॅटेगरी हे तिन्ही बदल पाचही शाखांत एकाच दिवशी करू नका. एक शाखा घ्या, आठवडाभर बघा, मग पुढची.

वेळा

दुपारी बंद ठेवत असाल तर एका दिवसाला दोन वेळा टाकता येतात, सकाळी ९ ते १ आणि संध्याकाळी ४ ते ९. गणपती, लक्ष्मीपूजन, पाडवा यांच्या वेळा 'विशेष वेळा'त टाका, रोजच्या वेळा बदलू नका, नाहीतर दिवाळी संपली तरी दुकान मॅपवर बंदच राहतं. साप्ताहिक सुट्टी शाखेगणिक वेगळी असेल तर ती तक्त्यात आधी लिहा, कारण एका शाखेचं पाहून सगळीकडे सोमवार बंद टाकणारा कोणीतरी असतोच.

राहता राहिले फोन. "आम्ही गूगलमधून बोलतोय, तुमची लिस्टिंग आज बंद होणार, इतके भरा" असा फोन पाचांपैकी एका शाखेत नक्की येईल, आणि तिथला पोरगा घाबरून ओटीपी सांगेल. प्रोफाइल फुकट आहे आणि चालू ठेवायलाही पैसे लागत नाहीत. पाचही काउंटरवर सांगून ठेवा: व्हेरिफिकेशनचा कोड फोनवर कोणालाही द्यायचा नाही, फोन करणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं आणि मालकाला कळवायचं.